सुहास, आईला फोन कर

प्रिय सुहास,
जय ख्रिस्त.

माझी साखर जरा वर आहे, गोळ्या चालू आहेत. लिहितोय ते माझ्या आईसाठी. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ‘म्हातारपण, चालायचंच’ म्हणतील. तू तिच्याच रविवारच्या शब्बाथशाळेत वाढलास.

आई घाबरली आहे. मरणाला नाही, न्यायाला. रात्री उठून बसते. ७२च्या दुष्काळात एक बाई लेकरू कडेवर घेऊन शेरभर ज्वारी मागायला आली होती. कणगीच्या तळाशी तेवढी होती. आईनं ‘नाही गं बाई’ म्हणून दार लोटलं. पुढे खडी फोडायच्या कामावर ती बाई कधी दिसली नाही. इतकी वर्षं हे तिनं बाबांनाही सांगितलं नव्हतं. आता म्हणते, “मी भुकेला होतो, तू खायला दिलं नाहीस, असं प्रभू मलाच म्हणणार.”

आणि हे कोण म्हणतंय बघ! बायबलातलं इफिस दोन आठ हे वचन पाठ नसलं की बाकावर उभं करणारी बाई. तारण कृपेनं, कर्मांनी नाही, हे आपल्या हाडीमाशी तिनंच भिनवलं. प्रभूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून तू केवढा भांडला होतास! दिवसभर राबणाऱ्याला एक रुपया आणि संध्याकाळी आलेल्यालाही एकच, हा अन्याय आहे म्हणून. नाताळात तू सगळ्यात शेवटी उगवलास, तरी तिनं तुला इतरांइतक्याच करंज्या दिल्या. तेव्हा बरा गप्प बसलास!

पाळकसाहेबांनी येऊन प्रभुभोजन दिलं. ते गेल्यावर आई म्हणाली, “त्या बाईनं क्षमा केली नाही तर?” बायबलातल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत केलं, हिला तीही सोय नाही. मी म्हटलं, वधस्तंभावरच्या चोरानं काय परत केलं? हात तर खिळलेले. तरी ‘आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं प्रभू त्याला म्हणाला. ती नुसती ऐकत राहिली.

मग तिच्या आजीची गोष्ट काढली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, केडगावला, आणलेल्या पोरींतली ती एक. अंगावर चिंध्या, स्वतःचं नाव धड सांगता येईना. आधी पोटात अन्न पडलं, अक्षरं मागून, बाप्तिस्मा त्याच्याही मागून. विचारलं, “आजीनं काय पुण्य केलं होतं म्हणून तिला उचललं?” आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तेच तर. माझ्या आजीला फुकट मिळालं, आणि मी दार लोटलं.”

सुहास, यापुढे मला बोलवेना. पण माझा विश्वास हललेला नाही. तिनं हे आम्हाला आत्ता सांगितलं, प्रभूला त्याच दिवशी ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यानं पुढं सगळं आयुष्य तिच्या हाती आपल्यासारखी पोरं दिली. टाकायची असती तर तेव्हाच टाकली असती. मी हे सांगितलं तर पोटचा पोर समजूत घालतोय असंच तिला वाटतं.

म्हणून तू फोन कर. उपदेश नको. ती दुष्काळाचं बोलली तर मध्ये तोडू नकोस, सगळं बोलू दे. मग इफिस दोन आठ म्हणून दाखव. चुकलास तरी चालेल, ती दुरुस्त करील, आणि तेवढं वचन तिच्याच तोंडून निघेल.

नव्या नोकरीचं वाचून आनंद झाला. धाकटीचा दृढीकरणविधी कधी? वहिनींना सलाम. फोन रात्री नऊनंतर कर, तेव्हा ती जागीच असते.

तुझा,
विनय