तारखेबद्दल बोलणार नव्हतो

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू आपटलास की रेंज गेली, हे विचारत नाही. क्लायंटच्या वेअरहाऊसमधली खोकी हलवणारी लाइन सुरू करून द्यायची जी तारीख तू कबूल करते आहेस, त्या तारखेबद्दलही लिहिणार नाही. एवढा मोठा क्लायंट तू एकटीने मिळवलास, हे आईने दोनदा आणि मी चारदा फोन करून सगळ्यांना सांगितलंय. आत्यालासुद्धा.

फक्त एक. ताशी 6000 खोकी हा आकडा त्यांच्या सरासरी तासाचा की सर्वात गर्दीच्या? वर्षभराच्या ऑर्डरी तासागणिक मागून घे. आणि कन्व्हेयर, सॉर्टर (खोकी आपापल्या वाटेला लावणारं यंत्र), लिफ्ट प्रत्येकी 98 टक्के वेळ चालतात म्हणून अख्खी लाइन 98 टक्के चालत नाही. एकापुढे एक जोडली की 94 च उरतात. हे तुला नववीत शिकवलं होतं. बघ, झाली मास्तरकी सुरू. माफ कर.

तुझ्या पाचव्या वाढदिवसाला मी सॉर्टरखाली आडवा पडलो होतो. आमच्या सेल्सवाल्याने अशीच तारीख कबूल केली होती. कारखान्यातल्या चाचणीला खोकी कोरी, एका मापाची. साइटवर आली ती चेपलेली, बारकोडवर चकचकीत चिकटपट्टी. स्कॅनर वाचेना, माल सगळा रिजेक्ट लाइनवर. अकरा रात्री मी त्या माणसाला शिव्या घातल्या. पुढे तू सेल्समध्ये गेलीस तेव्हा आई किती हसली होती!

डेन्व्हर विमानतळाचं उद्घाटन 16 महिने रखडून 1995 साली झालं, त्यात बॅगा वाहणाऱ्या यंत्रणेचा मोठा वाटा होता. 2005 मध्ये ती बंदच केली. हो, बाबांचं डेन्व्हर परत निघालं.

तुझ्यावर विश्वास टाकणारा तो वेअरहाऊस मॅनेजर उद्या नोकरी बदलेल. त्यांच्या आयटीतल्या आणि देखभालीच्या माणसांशीही ओळख ठेव. वर्षाचं टार्गेट या एकाच क्लायंटवर टांगलंय, म्हणून त्यांना नाही म्हणताना तुझी जीभ अडते का? मला तेवढीच भीती वाटते. तुझी हुशारी मला माहीत आहे. पण तुझ्या 'हो'मागे साइटवर कुणीतरी आडवा पडलेला असतो गं.

निळी वही कुरिअरने पाठवली आहे. चाचणीच्या नोंदी शेवटच्या पानांवर आहेत, अक्षर लागलं नाही तर आईला विचार.

त्या तारखेवर सही झाली का? तेवढं कळव.

– बाबा