कारवारची लोकसंख्या मोजताना नौदल तळ वेगळा काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौदल तळ आला आणि कारवारची वस्ती फुगली, असे सर्रास म्हटले जाते. जिल्ह्याचा आकडा तसे सांगत नाही. 2001 ते 2011 या दशकात उत्तर कन्नडची लोकसंख्या 13,53,644 वरून 14,37,169 झाली. वाढ जेमतेम 6.17 टक्के, तर कर्नाटकाची 15.6 टक्के. कारवारचा नौदल तळ ‘आयएनएस कदंब’ याच दशकात, मे 2005 मध्ये कार्यरत झाला. तळाचा परिणाम शोधायचा तर गावपातळीवर उतरावे लागते आणि नेमके तिथेच आकडे फसवतात.

लष्करी हद्दीतली गणना नेहमीचे प्रगणक करत नाहीत. तो भाग ‘विशेष प्रभार’ धरला जातो आणि मोजणी आतलीच माणसे करतात. हे लोक कोणत्या गावाच्या वा शहराच्या खात्यावर पडतात, यावर बरेच अवलंबून असते. विमानवाहू नौकेवर साधारण 1,600 जण असतात, बहुतेक पुरुष. समजा, अडीच हजार पुरुष आणि अडीच हजार स्त्रिया असलेल्या गावात ते सगळे धरले, तर दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 1,000 वरून 610 वर येतील. गावात प्रत्यक्षात काहीच घडलेले नसेल! अशा गावाचे एकूण लिंगगुणोत्तर बाजूला ठेवून आधी 0 ते 6 वयोगटाचे पाहावे. 20 ते 35 वयाच्या पुरुषांचा फुगवटा आणि साठीपुढचे जवळपास कोणी नाही, असे दिसले तर तो आकडा गावाचा नाही, नौदल वसाहतीचा आहे.

विस्थापितांचा हिशेब याहून अवघड. हा तळ उभारणाऱ्या ‘सीबर्ड’ प्रकल्पाची पायाभरणी ऑक्टोबर 1986 ची. तेव्हापासून तळ सुरू होईपर्यंत 1991 आणि 2001 अशा दोन जनगणना होऊन गेल्या. अरगा, बिणगा परिसरातली कुटुंबे तोडूर, मुदगा अशा वसाहतींत गेली. जनगणनेच्या लेखी हे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात झालेले स्थलांतर, म्हणजे सासरी आलेल्या सुनांबरोबर एकाच गटात. स्थलांतराच्या कारणांत 2011 साली नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत आणि इतर एवढेच पर्याय होते. प्रकल्पासाठी उठवलेला माणूस ‘कुटुंबासोबत’ किंवा ‘इतर’मध्ये विरतो. शिवाय स्थलांतराचे तक्ते गावनिहाय प्रसिद्धच होत नाहीत.

पुढची गळती व्यवसायामुळे होते. मुदग्याला मच्छीमार बंदर मिळाले, पण रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून करायच्या मासेमारीला, मोकळा वाळूचा किनारा आणि ओढायला पुष्कळ हात लागतात. किनारा गेला की ते हात ट्रॉलरवर, गोव्यात किंवा मुंबईत काम शोधतात. घर तोडूरला, कमावता दुसरीकडे. शिधापत्रिकेत तो असतो, जनगणनेत नसू शकतो. नौसैनिकाचे उलट: सेवा मतदार म्हणून नाव मूळ गावच्या यादीत, मोजणी इथे. त्यामुळे मतदारयादी आणि जनगणना ताडून काही सिद्ध करू पाहणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे.

गोव्यात वास्कोला ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ आहे, म्हणून मुरगावातल्या परप्रांतीय वस्तीचे सगळे खापर तळावर फोडणेही चूक. तिथे बंदर आहे, रेल्वे आहे, खत कारखाना आहे.

सीबर्डच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे 10 हजार गणवेशधारी व नागरी कर्मचाऱ्यांची कुटुंबांसह राहण्याची सोय व्हायची आहे. 1 मार्च 2027 या संदर्भदिनाच्या जनगणनेत ही भर दिसू लागेल. पंचायतीचा निधी आणि प्रभाग लोकसंख्येवर ठरतात, पण तळाच्या वसाहतीची शाळा आणि ‘आयएनएस पतंजली’ रुग्णालय तिचे स्वतःचे. हे लोक पंचायतीच्या आकड्यात मिसळले, तर निधी, प्रभाग आणि शाळांचे सगळे गणित चुकेल.

म्हणून तळाची मोजणी वेगळी दाखवावी. विस्थापितांसाठी आणखी दोन मागण्या आहेत. स्थलांतराच्या कारणांत ‘प्रकल्पामुळे विस्थापन’ हा स्वतंत्र पर्याय हवा. तो मिळेल न मिळेल. दुसरी मागणी मात्र जिल्हा पातळीवरच पुरी होऊ शकते. प्रत्येक पुनर्वसन वसाहतीचा प्रगणन गट, म्हणजे एका प्रगणकाकडे मोजणीला दिलेला भाग, वेगळा आखावा, जुन्या गावाच्या वाडीला जोडून संख्या भरून काढू नये. गट एकदा मिसळला की नंतर कितीही बेरजा-वजाबाक्या केल्या तरी ती माणसे वेगळी काढता येत नाहीत.

आपला,
जनगणनेच्या आकडेवारीचा एक अभ्यासक, कारवार