पदवीनंतर आम्ही शिकायचे कुठे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आम्हा समुपदेशकांचे फोन वाजू लागतात आणि त्याच दिवसांत मोबाइलवर 'तीन दिवसांत समुपदेशक व्हा' अशा जाहिरातीही फिरू लागतात. परवा एका मैत्रिणीने अशीच एक जाहिरात पाठवून विचारले, "अगं, करू का मी हे?" तिला मी नको म्हणाले. पण नंतर बराच वेळ मनात तेच घोळत राहिले. मी एम.ए. करून गेली एकोणीस वर्षे सांगलीत समुपदेशन करते. पदवी घेतल्यावर मी नवे काय शिकले, हे मला आजवर एकदाही कुणी विचारलेले नाही.

त्याची किंमत एका माणसाने मोजली. काही वर्षांपूर्वी एक द्राक्ष बागायतदार बायकोबरोबर माझ्याकडे आले. तालुका मुद्दाम लिहीत नाही. अवकाळीत बाग गेलेली, झोप उडालेली. तीन सेशन आम्ही झोप, कर्ज आणि भावाभावांतल्या वाटणीवर बोललो. जीव नकोसा वाटतो का, हा प्रश्न मी विचारला नाही. 'असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरतो,' असे शिकताना कानावर पडले होते आणि ते मी खरे धरून चालले होते. चौथ्या सेशनच्या आधीच ते मिरजेत अतिदक्षता विभागात दाखल झाले. सुदैवाने वाचले. मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते, हे संशोधनातून केव्हाच पुढे आले होते. मला ते वर्षभराने पुण्यातल्या एका कार्यशाळेत कळले, तेही एका ओळखीच्या बाईंनी आग्रहाने नेले म्हणून. आज मी प्रत्येकाला तो प्रश्न विचारते. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कागदावर लिहून हातात देते. पण तो क्रमांक 2022 मध्ये आला. सरळ विचारायचे असते, हे मला त्याच्या कितीतरी आधी कळायला हवे होते.

नियमांची बाजू थोडक्यात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची (मानसिक आजारांचे निदान आणि मानसोपचार करणाऱ्यांची) नोंदणी 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि ती टिकवायला पाच वर्षांत ठरावीक प्रशिक्षणाचे 100 गुण जमवावे लागतात. शाळेत, कंपनीत किंवा स्वतःची खोली घेऊन समुपदेशन करणारे माझ्यासारखे बहुतेक जण त्या नोंदणीत बसत नाहीत. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या (डॉक्टर-परिचारिकांखेरीज इतर आरोग्यसेवकांच्या) कायद्यात इतर मानसशास्त्रज्ञांचाही समावेश झाला, याचा आनंदच आहे. माझ्या रोजच्या कामात मात्र त्याने अजून काही बदललेले नाही.

दरम्यान आमच्या पायाखालची जमीन बदलत गेली. 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे सक्तीचे केले. त्याआधी शिकलेल्या आम्हाला 'क्लायंटचे बोलणे बाहेर जाऊ द्यायचे नाही' एवढेच पाठ होते. आठवीतली मुलगी "कुणाला सांगू नका हं" म्हणत टेबलावरचा रुमाल चुरगाळत बसते, तेव्हा तिला आधी काय सांगायचे, तिच्या आईला कसे बोलवायचे, तक्रारीनंतर तिच्यासोबत कसे राहायचे, हे कायद्याचे कलम वाचून येत नाही. कुणीतरी अनुभवी माणसाने शेजारी बसून शिकवावे लागते.

2019 च्या महापुरानंतरही हेच दिसले. कृष्णाकाठच्या गावांत मदतीला गेलेल्यांत आम्हीही होतो. शाळेत मुलांना गोल बसवून 'काय काय पाहिलंत ते सांगा' म्हणायचो. एक मुलगा मदतीला आलेला प्रत्येक नवा गट भेटला की पुन्हा पहिल्यापासून पाण्याची गोष्ट सांगत होता आणि दर वेळी त्याचा आवाज बारीक होत होता. आपत्तीनंतर लगेच सगळे वदवून घेऊ नये, आधी सुरक्षितता, जेवण, घरच्यांशी गाठ आणि शांत सोबत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत आहे. आमच्यापैकी कुणीही ती वाचलेली नव्हती. मदत करण्याच्या तळमळीने गेलो होतो, म्हणूनच ते अजून टोचते.

कार्यशाळा होत नाहीत असे नाही. त्या पुण्या-मुंबईला होतात. फी, गाडीभाडे, मुक्काम आणि दोन दिवसांची बुडालेली मिळकत धरली की नव्याने काम सुरू केलेली मुलगी विचारच सोडून देते. ऑनलाइनचे म्हणाल तर कॅमेरा बंद करून दोन तास बसले की प्रमाणपत्र ई-मेलवर येते. माझ्याकडे अशी बरीच साठली आहेत. त्यातल्या एकाही कार्यक्रमात 'तुमची अडलेली केस सांगा' असे कुणी म्हणाले नाही.

आम्हाला हवे आहे ते सुपरव्हिजन. महिन्यातून एकदा आपली अडलेली केस नाव-गाव गाळून मांडायची आणि कुठे चुकले ते अनुभवी मानसशास्त्रज्ञाकडून, मनोविकारतज्ज्ञाकडून ऐकायचे. जिल्ह्यात शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत, मिरजेत 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी मनोविकारतज्ज्ञ आहेत. महाविद्यालयांच्या मानसशास्त्र विभागांनी रविवारी एक वर्ग उघडून द्यावा आणि डॉक्टरांनी आळीपाळीने दोन तास द्यावेत. फी आम्ही भरू. पुढे या तासांची नोंद शासनाने अधिकृत धरली तर उत्तमच, पण त्यासाठी थांबायला नको.

ज्यांना यात यायचे आहे, त्यांनी आपल्या पत्रसदरातून कळवावे. पहिल्या बैठकीत केस मी मांडेन, त्या बागायतदारांचीच. त्यांची परवानगी मी घेतली आहे. ते म्हणाले, "सांगा. दुसऱ्या कुणाला तरी विचारतील."

– एक समुपदेशक, विश्रामबाग, सांगली