नामांकित कॉलेज, पण किती व्याजाने?

महोदय,

पदवीसाठी कॉलेज निवडताना नावाची चर्चा तासन्‌तास चालते, खर्चाची मात्र पहिल्या वर्षाच्या फीपाशी थांबते. फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढली, तर चार वर्षांचा आकडा पहिल्या वर्षाच्या चौपट नव्हे, साडेचारपट होतो. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क वेगळेच.

कर्जाचे गणित तर बहुतेकांना हप्ता सुरू झाल्यावरच कळते. समजा १०० रुपये कर्ज आहे, दर वर्षाच्या सुरुवातीला २५ असे उचलले, व्याज १० टक्के, आणि शिक्षणाची चार वर्षे व नंतरचे एक वर्ष हप्ता नाही. एवढ्या काळात सरळ व्याजच ३५ रुपये होते. मग १३५ रुपयांची फेड दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांनी केली, तर एकूण सुमारे २१४ रुपये जातात. शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास हाच आकडा १९४ वर येतो. दोन कॉलेजांच्या फीतला फरक कर्जातूनच भरायचा असेल, तर तो दुप्पट धरूनच तुलना करावी.

एवढे पैसे मोजून मिळते काय? प्लेसमेंटचे आकडे जपून वाचावेत. वर्गात १२० मुले, प्लेसमेंटसाठी नोंदणी ७० जणांची, नोकरी ६३ जणांना. जाहिरातीत ‘९० टक्के’ छापून येते, प्रत्यक्षात निम्म्याहून थोडे जास्त. सरासरी पगारही दोन-चार मोठ्या पॅकेजांनी फुगतो. पगारांच्या क्रमवारीत मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याला किती मिळाले ते विचारावे, आणि तेही आपल्या शाखेपुरते. संस्थेचे नाव मोठे आणि विभागात शिक्षकच अपुरे, असे सर्रास असते.

अमेरिकी अभ्यासक स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सारख्या कुवतीच्या, सारख्याच कॉलेजांनी स्वीकारलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. अधिक चुरशीच्या कॉलेजात गेलेल्यांची कमाई सरासरीने जास्त निघाली नाही. फायदा दिसला तो गरीब घरांतल्या मुलांना. म्हणजे नावाचा उपयोग ज्यांना सर्वाधिक, नेमके तेच फी पाहून माघार घेतात! अशा मुलांनी शिष्यवृत्तीचा अर्ज केल्याशिवाय नकार कळवू नये. मात्र ती पहिल्याच वर्षापुरती आहे का, टिकवायला किती गुण लागतात, एक विषय राहिला तर बंद होते का, हे लेखी घ्यावे.

काही कंपन्या मोजक्याच कॉलेजांत भरतीसाठी जातात. तसल्याच नोकरीचे ध्येय असेल, तर नावासाठी जास्त मोजणे समजू शकते. पुढे पदव्युत्तर शिक्षण ठरलेलेच असेल, तर बहुधा शेवटच्या पदवीकडेच पाहिले जाते; पैसा तिच्यासाठी राखलेला बरा. आणि जागा अडवण्यासाठी रक्कम भरण्याआधी, प्रवेश रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळते, हा नियम वाचून घ्यावा.

– प्रवेश मार्गदर्शन करणारा एक शिक्षक