फोनच्या खोक्यावर एक तारीख कमी आहे: केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री

सप्रेम नमस्कार.

बेळगावातून मंत्र्यांना मराठीत पत्र गेलं की पाकीट फोडायच्या आधीच आत काय असेल ते सगळ्यांना ठाऊक असतं. हे पत्र सीमाप्रश्नाचं नाही. धारवाडचे खासदार म्हणून तुम्ही आमचे शेजारी आणि ग्राहकांचं खातं तुमच्या हाती, म्हणून लिहितोय. मागणी एकच आहे. नव्या फोनच्या खोक्यावर, किमतीच्या शेजारी, त्या फोनला सुरक्षा अपडेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींवरच्या दुरुस्त्या, कधीपर्यंत मिळणार ती तारीख छापायला लावा.

शहापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेले डिस्प्ले, ढिल्या झालेल्या चार्जिंग पिना, फुगलेल्या बॅटऱ्या आणि पावसाळा लागला की खानापूरकडून येणारे भिजलेले फोन, हे आमचं नेहमीचं काम. अलीकडे मात्र निराळंच गिऱ्हाईक वाढलंय. फोनला काहीच झालेलं नसतं. काच शाबूत, बॅटरी दिवसभर चालते, आवाज खणखणीत. फक्त बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. वडगावातल्या, मागावर काम करणाऱ्या एक मावशी राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे जमा झाले का ते बघायला बसल्या आणि अ‍ॅपनं ‘तुमच्या फोनवर चालणार नाही’ म्हणून सांगितलं. “दादा, फोन तर चांगलाच हाय की, मग ह्येला काय धाड भरलीया?” मी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. कंपनीनं त्या फोनकडे पाठ फिरवून बराच काळ लोटला होता. असल्या दुखण्यावर माझ्या हीट गनचा आणि सोल्डरिंगचा काय उपयोग?

हे का होतं, ते थोडक्यात सांगतो. फोन चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे अँड्रॉइड, गूगल बनवतं, आतली चिप क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी कंपनी बनवते, आणि फोनवर स्वतःचं नाव घालून विकणारी कंपनी तिसरीच असते. अँड्रॉइडमधल्या त्रुटी आणि त्यांच्या दुरुस्त्या गूगल वेळोवेळी जाहीर करतं. त्या तुमच्या-माझ्या हातातल्या फोनपर्यंत पोचवायच्या तर फोनच्या कंपनीनं प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं काम करावं लागतं. चिपवाल्यानं त्या चिपसाठी लागणारं सॉफ्टवेअर देणं थांबवलं तर ते काम आणखी अवघड होतं. जुन्या मॉडेलवर माणसं बसवण्यात कंपनीला पैसा सुटत नाही. मग एक दिवस अपडेट बंद होतात. त्याची ना दवंडी पिटली जाते, ना फोनवर तसा मेसेज येतो. पुढे बँका आपल्या अ‍ॅपसाठी किमान अँड्रॉइड ठरवतात आणि जुने फोन एकेक करून गळतात. पण ते गळायच्या आधी, अपडेट थांबल्यापासूनच्या सगळ्या काळात, सापडलेल्या त्रुटी तशाच उघड्या असलेल्या फोनवर लोक यूपीआय वापरत असतात. मला जास्त काळजी त्या काळाची वाटते.

आता या व्यवहारातली खरी मेख. अपडेटची वर्षं आपण फोन घेतला त्या दिवसापासून मोजली जात नाहीत. मॉडेल पहिल्यांदा बाजारात आलं त्या दिवसापासून मोजली जातात. समजा, एखादं मॉडेल जानेवारी २०२३ मध्ये आलं आणि कंपनीनं तीन वर्षं सुरक्षा अपडेट द्यायचं कबूल केलं. दुकानदारानं तेच मॉडेल २०२५ च्या दिवाळीत ‘धमाका ऑफर’ म्हणून काढलं आणि निपाणीच्या एखाद्या शेतकऱ्यानं बारा हप्त्यांवर घेतलं. अपडेट जानेवारी २०२६ मध्ये संपले. हप्ते संपणार त्याच्या पुढच्या दिवाळीला! हप्ता थकला तर फोन लॉक करणारं अ‍ॅप मात्र शेवटच्या रुपयापर्यंत इमानेइतबारे चालतं. दुकानदाराला जाब विचारावा तर तो म्हणतो, मला कुठं माहीत होतं. आणि खरंच त्याला माहीत नसतं. ही माहिती असलीच तर कंपनीच्या वेबसाइटवर कुठल्या तरी कोपऱ्यात, इंग्रजीत, आणि तीही सगळ्या मॉडेलची नाही.

साहेब, यासाठी नवा कायदा करायची गरज मला दिसत नाही. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ हे तुमच्याच खात्याचे आहेत. त्या नियमांमुळेच खोक्यावर कमाल किरकोळ किंमत येते, उत्पादनाचा महिना आणि वर्ष येतं, मूळ देश येतो, तक्रारीचा पत्ता येतो. २०१८ पासून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही यातले बरेचसे तपशील साइटवर दाखवावे लागतात. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर ते कधीपर्यंत खावं हे लिहिलेलं असतं. पंधरा हजारांच्या फोनवर ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत’ एवढी एक ओळ वाढवायला किती शाई लागेल? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं वस्तूची माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहेच. फोनच्या बाबतीत याहून कामाची माहिती कुठली असू शकते, मला सांगता येणार नाही. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे तर खोक्यावर हाताएवढ्या अक्षरात छापलेलं असतं.

बाहेर हे सुरू झालंय. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणारी वस्तू विकायची तर सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते कंपनीला जाहीर करावं लागतं. किती वर्षं द्यायचे याची सक्ती तिथल्या कायद्यानं केली नाही. जेवढं द्याल तेवढं उघड सांगा, इतकंच म्हटलं. युरोपियन युनियन आणखी पुढे गेलं. २० जून २०२५ पासून तिथं विकायला येणाऱ्या फोनच्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि सात वर्षं सुटे भाग ठेवायचे, असा नियम आहे. तिथं मोजणी मॉडेल आल्यापासून होत नाही, शेवटचा नग बाजारात गेल्यापासून होते. म्हणजे वर सांगितलेली दिवाळीची मेखच त्यांनी उपटून टाकली.

एकदम युरोपएवढं करा असं माझं म्हणणं नाही. ब्रिटनएवढं केलंत तरी पुष्कळ. त्यावर कंपन्या म्हणतील की भारतात स्वस्त फोन विकतात, त्यांना लांब अपडेट परवडत नाहीत. हे पूर्ण खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षं कबूल केली, ते महागडे फोन होते. पण त्याच सॅमसंगनं गॅलेक्सी ए १६ सारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षं दिली. म्हणजे ठरवलं तर जमतं. मला विचाराल तर या बाबतीत सॅमसंगचं कौतुक करायला हवं, त्यांच्या बाकीच्या खोडींबद्दल दुकानात कितीही शिव्या घातल्या तरी. तारीख खोक्यावर आली की हे आपोआप वाढेल. गणपत गल्लीत शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन खोक्यांपैकी एकावर २०२७ आणि दुसऱ्यावर २०३१ दिसलं, तर कुठलं उचलायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही.

या जागी एका कंपनीला श्रेय द्यायला हवं, आणि मी तिचा चाहता नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा शेवट १४ ऑक्टोबर २०२५ ला होणार हे कितीतरी वर्षं आधी जाहीर केलं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे संगणक बाद ठरले. आमच्याकडच्या छापखान्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजूनही तेच संगणक आहेत, कारण जुने मराठी-कानडी फॉन्ट आणि सगळी कामं त्यांच्यावर बसलेली आहेत. ही सक्ती मला पटत नाही. पण निदान तारीख ठाऊक होती. ज्याला लिनक्स या मोकळ्या सिस्टिमवर जायचं तो गेला, ज्याला वर्षभराची जादा मुदत घ्यायची त्यानं घेतली. बहुतेक फोनवाल्यांनी एवढंही केलेलं नाही.

तारीख संपल्यावर काय, हा पुढचा प्रश्न. लिनिएजओएससारखं मोकळं सॉफ्टवेअर टाकून जुना फोन पुन्हा चालता करता येतो. माझ्या दुकानात येणारी इंजिनिअरिंगची पोरं हौसेनं करतात. पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोनवर कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारं कुलूप, उघडावा लागतो, आणि तो उघडला की बँकेची बरीच अ‍ॅप फोनवर भरवसा ठेवायला तयार नसतात, आणि काही कंपन्या मुळात बूटलोडर उघडूच देत नाहीत. म्हणजे कंपनी स्वतः अपडेट देणार नाही आणि दुसऱ्यानं दिलेले चालू देणार नाही. यावर उपाय काढायला बँका, रिझर्व्ह बँक आणि आयटी खातं यांना एकत्र बसावं लागेल. ते तुमच्या एकट्याच्या हातातलं नाही, म्हणून लांबवत नाही.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल मात्र बोलायला हवं, कारण ते तुमच्याच खात्यानं सुरू केलं. २०२२ च्या जुलैमध्ये समिती नेमली, त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, पोर्टल उघडलं. मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल आला. फोन किती सहज उघडतो, सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती देतात का, अवजारं आणि स्क्रू कुठले लागतात, सॉफ्टवेअर अपडेट देतात का, यावर गुण द्यायचे, अशी त्यातली कल्पना. अहवाल वाचून बरं वाटलं. उघडण्याच्या कलमावर तर मी दोन पानं लिहीन. मागची काच गोंदानं अशी चिकटवतात की बॅटरी बदलायला आधी फोन तापवावा लागतो आणि काच वाचली तर नशीब. पण गुण कंपनीनं स्वतःच स्वतःला द्यायचे, हे वाचलं आणि हसू आलं. पोरानं आपलाच पेपर तपासला तर नापास कोण होणार? तारखेचं तसं नाही. ती खोटी निघाली तर कुणालाही दाखवता येते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. म्हणूनच मी निर्देशांकाच्या आधी तारीख मागतोय.

आणि हा निर्देशांक फक्त कंपनीच्या अधिकृत सेंटरपुरता ठेवू नका. चंदगडच्या सीमेवरच्या किंवा खानापूरच्या जंगलाकडच्या गावातल्या माणसाला अधिकृत सेंटर म्हणजे एक दिवसाचा रोज बुडवणं. तिथं बोर्डवरची एक आयसी (छोटी चिप) उडाली तरी अख्खा बोर्ड बदलायला सांगतात. किंमत ऐकून माणूस नवा फोन घेतो. तेच काम गल्लीतला कारागीर मायक्रोस्कोपखाली करून देतो. पण त्याला कंपनी ना सर्किटचा नकाशा देते, ना अस्सल पार्ट विकते. मग आम्ही मुंबईच्या मनीष मार्केटमधून किंवा दिल्लीच्या गफ्फार मार्केटमधून जे मिळेल ते आणतो. त्यात कॉपी माल असतो आणि कॉपीला ओरिजिनल म्हणून विकणारे महाभागही आमच्यात आहेत. त्यांना वेसण घालायची तर अस्सल पार्ट खुल्या बाजारात आणणं हाच मार्ग. नुसत्या धाडींनी काही होत नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं २०२४ मध्ये कायदा करून, पार्ट फोनशी सॉफ्टवेअरनं बांधून टाकण्याच्या कंपन्यांच्या चालीवर बंदी घातली. कोणी बदललेला डिस्प्ले लावला की फोननं ‘अनोळखी भाग’ म्हणून कुरकुर करायची, ती चाल. आपल्याकडेही तिचा विचार व्हावा.

एक शेवटची गोष्ट, आणि ही आमच्या भागातलीच माणसं हसून वाचतील. इथं दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा किती टक्के असावी यावर कायदे होतात. पाट्या उतरतात, नव्या चढतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ मराठीतही बोलते आणि कन्नडमध्येही, त्याबद्दल आभार. पण खोक्यावरची तारीख आकड्यात असली की शहापूरचा, चिकोडीचा आणि धारवाडचा माणूस ती सारखीच वाचेल. तिच्यावरून मोर्चा निघायचा नाही, एवढी खात्री मी देतो.

नियमात दुरुस्ती करायची तर आधी मसुदा जाहीर होतो आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. तो मसुदा काढा. कंपन्यांच्या संघटना त्यावर इंग्रजीत लांबलचक हरकती पाठवतीलच. आमच्या सूचना मराठीत येतील, त्या टेबलावर ठेवून घ्यायला खात्याला सांगा.

आपला,
एक मोबाइल दुरुस्तीवाला
शहापूर, बेळगाव