घोण पाहण्यासाठी पाळावी, हातावर घेण्यासाठी नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रोहिणी-मृगाचा पाऊस पडला की मराठवाड्यात घोणी, म्हणजे मोठ्या विषारी गोमी, बाहेर पडतात. रानातल्या भेगा मिटतात, बांधाचे दगड खालून भिजतात आणि कडब्याच्या गंजीखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, गोठ्याच्या कडेला त्या दिसू लागतात. पूर्वी दिसली घोण की घातली चप्पल, असा प्रकार होता. आता काही तरुण ती डब्यात धरून घरी आणतात, पाळतात, तिची वाढ न्याहाळतात. हा बदल चांगला आहे. पण तीच घोण तळहातावर, मनगटावर फिरवत चित्रफिती काढण्याची टूमही सोबत आली आहे, आणि ती माणसाच्या व घोणीच्या दोघांच्याही जिवावर उठणारी आहे. म्हणून हे पत्र.

आधी एक घोळ मिटवू. शेतकरी बांधव वाणीला आणि घोणीला एकाच पायतानाने मारतात. वाणी, म्हणजे काही भागांत जिला पैसा म्हणतात ती, गोल अंगाची असते, तिच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, हात लागला की वेटोळे करते, आणि सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपे कुरतडते. घोण चपटी असते, प्रत्येक कड्याला एकच जोडी. तिला पिकाशी काही देणेघेणे नाही. ती झुरळे, रातकिडे, अळ्या खाते. आपल्या भागात सर्वत्र भेटणारी स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स ही जात साधारण १० ते १३ सेंटीमीटरची होते. हौशी लोक ज्या मोठ्या जातींच्या मागे असतात, त्यांत दक्षिण भारतातली काळ्या-नारिंगी पट्ट्यांची हार्डविकी आणि आग्नेय आशियातली देहानी या २० सेंटीमीटरच्या आसपास जातात. दक्षिण अमेरिकेतली जायगँटिया तर ३० सेंटीमीटरपर्यंत. या साऱ्यांना पायांच्या २१ जोड्या असतात. शंभर पाय कोणालाच नसतात.

हातावर का घेऊ नये, याची खरी गोम तिच्या शरीरातच आहे. डोक्याखालची पायांची पहिली जोडी बदलून तिची विषनखे झाली आहेत. घोण ‘चावते’ असे आपण म्हणतो, पण तोंडाने नव्हे, या नखांनी ती विष टोचते. डोळे असतात, पण त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसे कळत नाही. जग तिला कळते ते मिशांनी आणि पायांनी. तळहाताची ऊब, घाम, बोटाची थरथर, तोंडाचा वारा या प्रत्येक गोष्टीला ती भक्ष्य किंवा शत्रू समजू शकते. कुत्र्या-मांजराला माणूस ओळखीचा होतो, घोणीला कधीच होत नाही. पाच वर्षे पाळली तरी पहिल्या दिवशीची घोण आणि आजची घोण यांत फरक पडत नाही. ‘माझी घोण सवयीची झाली आहे’ असे कोणी सांगत असेल, तर तिने अजून टोचले नाही एवढाच त्याचा अर्थ. शेपटीकडचे लांब पाय मिशांसारखे दिसतात, त्यामुळे नवखा माणूस डोके समजून भलतेच टोक धरतो. ते पाय चिमट्यासारखे पकड घेतात आणि डोके क्षणात उलटे वळून येते. मधोमध धरली तरी तेच होते. सापासारखी मानेला धरायची म्हणाल, तर मऊ अंग दाबले जाऊन घोण आतून फुटते.

आता ठेवायची कशी. डबा पारदर्शक प्लॅस्टिकचा किंवा काचेचा, तळाची लांबी घोणीच्या दीडपट ते दुप्पट. उंचीचा हिशेब बहुतेक जण चुकतात. स्वच्छ, कोरड्या प्लॅस्टिकवर तिला चढता येत नाही, पण ती भिंतीला टेकून अंगाचा मोठा भाग उभा करू शकते. म्हणून मातीच्या वर घोणीच्या लांबीपेक्षा निदान ५ सेंटीमीटर जास्त भिंत मोकळी हवी. १५ सेंटीमीटरची घोण असेल तर माती १० आणि मोकळी भिंत २० ते २२, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या पुढचा डबा. काचेच्या टाकीच्या कोपऱ्यातला सिलिकॉनचा जोड ही तिची शिडी असते, तेव्हा टाकी वापरायची तर झाकण पक्के हवे. झाकणाला दोन्ही बाजूंना खटके लागतात. नुसते दाबून बसणारे झाकण ती कडेला डोके घालून उचकटते. हवेसाठी समोरासमोरच्या भिंतींना वरच्या बाजूला तापलेल्या सुईने दीड-दोन मिलिमीटरची वीस-पंचवीस छिद्रे पाडावीत. मच्छरदाणीची किंवा प्लॅस्टिकची जाळी ती कुरतडते. जाळी लावायची तर स्टीलची.

आपल्याकडे सर्वांत जास्त घोणी मरतात त्या मातीच्या चुकीने. रानात राहते म्हणून लोक काळी माती भरतात. रानात तिला हात-दोन हात खोल जाता येते, डब्यात नाही. डब्यातली काळी माती भिजली की चिकट गाळ होतो, वाळली की दगड होते आणि तिच्यात केलेले बीळ टिकत नाही. दोन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि एक भाग पोयटा हे मिश्रण चांगले. रोपवाटिकेतून आणलेल्या कोकोपीटमध्ये खत मिसळलेले नाही हे विचारून घ्यावे. कोकोपीटची साधी वीटसुद्धा दोन पाण्यांनी धुऊन पिळावी, कारण तिच्यात क्षार असतात. पोयटा जुन्या कढईत वाफ निघेपर्यंत गरम करून गार करावा, म्हणजे त्यातले माइट्स (अगदी बारीक किडे) आणि बुरशी कमी होते. फवारणीच्या शेताची किंवा बांधाची माती अजिबात नको. वर कौलाचा किंवा खापराचा एक तुकडा ठेवावा, मात्र तो मातीवर नुसता टेकवू नये. तळापर्यंत रोवून बसवावा. घोण खालून पोकळ करते आणि कौल तिच्याच अंगावर बसते.

ओल हा तर या छंदाचा प्राण. घोणीच्या अंगावर कीटकांसारखे मेणाचे जाड कवच नसते आणि बहुतेक घोणींना श्वासाची छिद्रे मिटताही येत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत तिच्या अंगातले पाणी सतत उडत राहते. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब पडू नये. सगळा डबा भिजवू नका. एका कोपऱ्यात नळी उभी रोवून तिच्यातून तळाशी पाणी सोडा, दुसरे टोक जवळजवळ कोरडे राहू द्या. घोण आपली जागा आपण निवडते. बाटलीचे रुंद झाकण पाण्याला पुरते, दोन दिवसांनी बदलावे. पाणी कमी पडले तर मागचे पाय ओढत चालते, कात अडकते. जास्त झाले तर पायांच्या सांध्यांवर काळे ठिपके येतात, उरलेल्या खाद्यावर पांढरी बुरशी चढते, माइट्स वाढतात. दिवसाउजेडी घोण मातीवर फिरत असेल तर ती आपल्याला पाहायला आली नाही, खाली काहीतरी बिघडले आहे. आधी माती हाताने तपासा, पण ती घोण दुसऱ्या डब्यात काढल्यानंतरच.

पुण्या-मुंबईच्या घोणपालकांचे सल्ले इथे चैत्र-वैशाखात लागू पडत नाहीत. तिला २२ ते २८ अंश मानवते. आपल्याकडे बाहेर ४२-४३ असते आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही भट्टी. डबा जमिनीवर, आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवावा. माळवदाचे घर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर डबा मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून कुंडीभोवती ओले पोते गुंडाळावे. माठ गार होतो त्याच न्यायाने आतली हवा काही अंश उतरते, आणि लोडशेडिंगमध्येही हा उपाय बंद पडत नाही. बर्फ किंवा फ्रिज नको, झटका बसतो. परभणीकडे थंडीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ती खाणे सोडते; डबा गोधडीत गुंडाळावा, बल्ब लावू नये, त्याने माती वाळते. आणि ज्या खोलीत डास पळवणारे यंत्र, अगरबत्ती किंवा झुरळांचा खडू वापरता, तिथे घोण ठेवूच नका. ही औषधे तिच्या मज्जासंस्थेवरही काम करतात.

खाद्य थोडके. मोठ्या घोणीला आठ-दहा दिवसांतून एक रातकिडा किंवा पाळलेले झुरळ, पिलाला चार-पाच दिवसांनी. घरातले झुरळ नको, त्याने कुठले औषध खाल्ले असेल सांगता येत नाही. न खाल्लेला किडा चोवीस तासांत बाहेर. सर्वांत मोठा धोका कातीच्या वेळी असतो. कात टाकायच्या आधी रंग फिका पडतो, खाणे सुटते, ती बिळाचे तोंड बुजवते. अशा वेळी आत राहिलेला रातकिडा मऊ अंगाच्या घोणीला कुरतडून मारतो. टाकलेली कात ती स्वतः खाते, ती काढू नका. तुटलेला पाय पुढच्या दोन-तीन कातींत परत येतो. अंड्यांभोवती वेटोळे घातलेली मादी दिसली तर डब्याला हात लावू नका, डबा हलवूही नका. ती कित्येक आठवडे न खाता अंडी चाटून स्वच्छ ठेवते, पण बिचकली तर तीच अंडी खाऊन टाकते. रानात अशी मादी दगडाखाली सापडली तर दगड हळूच होता तसा ठेवावा.

माती बदलताना घोण हलवावी लागते, आणि अपघात होतात ते तेव्हाच. काम दिवसा, दोघांनी करावे. मोठ्या, खोल, गुळगुळीत प्लॅस्टिकच्या टबात डबा ठेवावा. न्हाणीत बसू नये, मोरीच्या भोकातून गेलेली घोण परत मिळत नाही. दाराखालची फट ओल्या फडक्याने बुजवावी. मोठ्या तोंडाची बरणी घोणीसमोर आडवी ठेवून तिच्यावर काळे कापड टाकावे, आणि ३० सेंटीमीटरच्या चिमट्यात धरलेल्या मऊ ब्रशने मागच्या पायांना हलकेच स्पर्श करावा. अंधार दिसला की ती आपणहून आत शिरते. घाई करून चिमट्याने घोणच धरली तर ती चिमट्यावरूनच हाताकडे धावते, आणि तो वेग डोळ्यांना पकडता येत नाही. झाकण लावण्याआधी शेवटचे पाय आत गेले का ते पाहावे.

तरीही टोचलेच तर? ताबडतोब आग होते, सूज येते. वेदना काही तासांपासून एक-दोन दिवस टिकते. अंगठी, कडे लगेच काढावे. जागा साबणाने धुवावी आणि साधारण ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावी. पाण्याची ऊब दुसऱ्या, न टोचलेल्या हाताने तपासावी, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. चुना, तंबाखू, ब्लेडची चीर, घट्ट दोरी यांतले काही करू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. लहान मूल असेल, चेहऱ्याला किंवा मानेला टोचले असेल, श्वास लागत असेल, ओठ सुजले, चक्कर आली, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

इथे नावांचा घोटाळा जीवघेणा ठरू शकतो. घोणस हा साप. त्याच्या दंशाला प्रतिविषच लागते. घोणस अळी ही काटेरी अळी. २०२२ मध्ये बीड जिल्ह्यात तिच्या बातम्यांनी शेतकरी धास्तावले होते. घोण या दोघांहून वेगळी, आणि सापाचे प्रतिविष तिच्यावर चालत नाही. दवाखान्यात दाखल करताना घाबरलेला माणूस ‘घोण’ म्हणतो आणि ऐकणारा ‘घोणस’ ऐकतो, किंवा याच्या उलट होते. त्यात घोणीचीही खूण दोन टिंबांचीच. म्हणून रात्री, अंधारात काही चावले आणि प्राणी दिसला नाही, तर ‘घोण असेल’ म्हणून घरी गरम पाणी करत बसू नये. सापच आहे असे धरून रुग्णालयात जावे.

कायद्याचेही दोन शब्द. गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगाव किंवा पैनगंगा, कोणत्याही अभयारण्यातून परवानगीशिवाय कुठलाही जीव उचलणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे, मग ती घोण का असेना. परदेशी जाती परवान्याशिवाय आणलेल्या असतील तर विकत घेऊ नयेत, आणि घेतलेल्या कंटाळा आला म्हणून रानात तर मुळीच सोडू नयेत. मोठ्या जाती सात-आठ वर्षेही जगतात. तेवढी वर्षे डबा सांभाळायची तयारी नसेल तर पावसाळ्यात बॅटरी घेऊन गोठ्याच्या कडेला, चार पावलांवरून पाहिलेली घोण पुष्कळ काही शिकवते.

आपल्याला एक विनंती. दरवर्षी पावसाच्या तोंडावर आपल्या दैनिकात साप-विंचवाविषयी सूचना येतात. यंदा त्या चौकटीत घोणस, घोणस अळी आणि घोण यांची चित्रे शेजारी-शेजारी छापावीत, प्रत्येकाखाली प्रथमोपचाराच्या दोन ओळी द्याव्यात, आणि घोणीच्या चित्रात माणसाचा हात नसावा.

कळावे,
आपले,
घोणपालक व अभ्यासक, परभणी