रक्त पडतं ते लपवू नका

महोदय,

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत मूळव्याध विनाऑपरेशन आठवड्यात खात्रीने बरी करून देणारी चौकट गेल्या रविवारी पुन्हा दिसली. असल्याच एका पाटीवर विश्वास ठेवून मी जे भोगलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं. पहिली बारा वर्षं ज्या शाळेत होते, तिथे शिक्षिकांसाठी शौचालय नव्हतं. सकाळी साडेसहाची बस, घरी परतायला दोन. तोवर पाणी प्यायचं नाही आणि शौचाला लागली तर दाबून ठेवायची. त्यातून बद्धकोष्ठ जडलं, कुंथायची सवय लागली. दुसऱ्या बाळंतपणानंतर मोड बाहेर येऊ लागला, पण आपोआप आत जायचा, म्हणून मी गप्प. पन्नाशी उलटल्यावर शौचाला लालभडक रक्त पडू लागलं. दुखत काहीच नव्हतं. तीन वर्षं यजमानांनासुद्धा सांगितलं नाही.

फक्त जाऊबाईंना बोलले. त्या म्हणाल्या, उष्ण पडलंय, मासळी बंद कर. आठ महिने हुमणाला, म्हणजे मासळीच्या कढीला, हात लावला नाही. पेज आणि लोणच्यावर काढले. रक्त थांबलं नाही. मग ती पाटी. मागच्या खोलीत एका माणसाने कसलासा लेप लावला. भिंतीवर पदवी नव्हती, आणि विचारायचं मला सुचलं नाही. आतली कातडी भाजून निघाली. अकरा दिवस मला बसता येत नव्हतं. सहा हजार रुपये गेले ते वेगळेच.

त्या चवथीला गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर चढले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. तेव्हा कुठे मुलाने बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं.

ज्या तपासणीच्या भीतीने मी तीन वर्षं घालवली, ती पाच मिनिटांची होती. बाई डॉक्टर हव्यात असं सांगितलं, तर मिळाल्या. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी, अंगावर चादर, शेजारी नर्स. आधी बोटाने, मग छोट्या नळीतून बघतात. डॉक्टरांनी समजावलं, की गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. कुंथून कुंथून त्या फुगतात, खाली सरकतात, तेच मोड. आतच राहिले तर पहिली पायरी, बाहेर येऊन आपोआप आत गेले तर दुसरी, बोटाने सारावे लागले तर तिसरी, बाहेरच राहिले तर चौथी. माझी दुसरी होती. शौचाला काच चिरत गेल्यासारखं दुखतं ती बहुतेक वेळा चीर असते, फिशर; तिलाही आपण मूळव्याधच म्हणतो, पण उपचार वेगळा.

मोड सापडले तरी माझं वय आणि अंगातलं कमी झालेलं रक्त बघून त्यांनी आधी दुर्बिणीने मोठं आतडं तपासलं. मूळव्याधीचा कर्करोग होत नाही, पण आतड्याच्या कर्करोगातही असंच रक्त पडतं आणि माणसं मूळव्याध समजून वर्षभर पुड्या खात बसतात. हे वाक्य कृपया कापू नका. रिपोर्ट चांगला येईपर्यंत मी दोन रात्री झोपले नव्हते.

मग मोडांच्या मुळाशी रबराची बारीक कडी बसवली. काही आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा. तिथल्या अस्तराला वेदना कळत नाही, त्यामुळे भूलही लागली नाही. दोन दिवस जड वाटलं आणि आठवड्याभरात मोड सुकून गळाला. गळताना थोडं रक्त येतं, ते आधी सांगितलेलं असलं की घाबरायला होत नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मात्र आधीच सांगायला हवं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं आणि घट्ट झालं, त्यावर रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी. सकाळच्या पावाऐवजी कोंड्याची पोय, नाचणीच्या गाळलेल्या सत्त्वाऐवजी भाकरी, रोज तांबडी भाजी नाहीतर अळसांदे, म्हणजे चवळी. मासळी डॉक्टरांनी स्वतःहून परत सुरू करायला सांगितली. तिचा काही दोष नव्हता.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. सुश्रुतसंहितेत अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय दिले आहेत, पण ते शिकलेल्या हाताचं काम आहे. ज्यांना वैद्याकडेच जायचं त्यांच्यासाठी धारगळला आयुर्वेद संस्थेचं इस्पितळ २०२२ पासून आहे. मागच्या खोलीतल्या माणसाचा या शास्त्राशी काय संबंध?

संपादकसाहेब, ज्या जाहिरातीत उपचार करणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक नाही, ती आपण छापू नये. जागा रिकामी राहिली, तर त्या चौकटीत एवढंच छापा, की शौचातून रक्त पडत असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा तपासून घ्या.

शेजारच्या सुनेने परवा विहिरीवर मला हळूच विचारलं, बाई, तुम्हाला पण होतं ना? तिचं बाळ चार महिन्यांचं आहे. येत्या मंगळवारी मी तिला घेऊन ओपीडीत जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
सत्तरी, गोवा